आज यंत्राला तेल घाल

हिकेता, २० मे

सुमी,

पत्राची सुरुवात हवापाण्याने करावी अशी आपली रीत. म्हणून: हवा बरी आहे, पाणी नेहमीसारखं खारट आहे, टेकडीवर संत्र्यांना फुलं आली आहेत आणि तुझी तामाएवहिनी सकाळपासून शिंकते आहे. रीत झाली.

तुझं पोस्टकार्ड मिळालं. चार वर्षांत तुझ्याकडून आलेला हा पहिला मजकूर, आणि तोही उघड्या कार्डावर. म्हणजे पोस्टमनने, त्याच्या बायकोने आणि बहुधा अर्ध्या मासळीबाजाराने तो माझ्या आधी वाचला असणार. "कान्जीच्या दगडावर माझं नाव लाल रंगात आहे. ते काढून टाकावं. मेल्यावर मला त्याच्याशेजारी ठेवू नये. हमादा म्हणतात परवानगीच्या कागदावर देवळाचा शिक्का लागतो, तो मारावा." चार वाक्यं. क्योतोत मी ज्यांची सूत्रं घोकली त्या जुन्या पंडितांनाही हेवा वाटावा इतकी आटोपशीर.

शिक्क्याचं म्हणशील तर तो आहे, पण लाल शाईची गादी वाळली आहे. हमादांच्या कमरेत उसण भरली आहे. पाथरवटाची कंबर म्हणजे काही भाजीवालीचं मनगट नव्हे, वेळ लागणार. शिवाय मला कळत नाही, घाई कसली? नवऱ्याच्या थडग्यावरच्या लाल नावाचा अर्थ एवढाच की मालकीण अजून यायची आहे. तुझी वेळ आली की लाल रंग खरवडायचा, नाव दगडाच्या रंगाचं होतं, संपलं. तोवर ते तिथे बसून कुणाचं काय खातंय?

बाकी गाव होतं तसं. देवळाच्या फाटकाजवळच्या फळ्यावर मी अजून दर पंधरवड्याला कुणातरी मोठ्या माणसाचं वाक्य ब्रशने लिहून लावतो. सध्या बेसबॉलचे निवृत्त प्रशिक्षक इशिगुरो आहेत: 'सामना हरला तरी मैदान झाडावंच लागतं.' ओकादा आजी (तुमच्या कारखान्यात हातमोज्यांचे अंगठे शिवायच्या, त्याच) आपली ढकलगाडी थांबवून वाचत उभ्या राहिल्या आणि देवळाच्या पुजाऱ्याला, म्हणजे मला, म्हणाल्या, "ओजुस्सान, हा माणूस घरी झाडत असेल असं तोंडावरून वाटत नाही."

तोगाशी गेन्झो मी पुन्हा लावलेले नाहीत. तेवढी अक्कल तुझ्या भावाला आहे.

दादा


हिकेता, ११ जून

सुमी,

या वेळी लिफाफा पाठवलास, पोस्टमन नाराज आहे.

"दादा, कंबर हमादांची दुखते की तुझी? २३ सप्टेंबरला, विषुवाच्या दिवशी, मी स्वतः येते. हमादांना छिन्नी घेऊन बोलावलंय. त्यांची कंबर ठणठणीत आहे, मी फोन केला होता." इथवर वाचून मी हसलो. लहानपणी मी संस्कृतची धातुरूपं मोठ्याने म्हणायला लागलो की तू आईला सांगायचीस, दादाची दाढ दुखतेय. तुझं निदान तेव्हाही असंच रोखठोक असायचं.

मग खालची ओळ वाचली. "मी तीनदा त्याच्यासमोर जमिनीला कपाळ टेकवलं. तिन्ही वेळा त्याने भिंतीकडे बोट दाखवलं."

त्या भिंतीवर काय होतं ते मला सांगायला नको. अक्षर माझंच होतं. 'उद्या बंद कर. आज यंत्राला तेल घाल. – तोगाशी गेन्झो.' पंधरवडा संपल्यावर कान्जी स्वतः तो कागद उतरवायला आला होता. वाळत घातलेली नवी चादर धरावी तसा त्याने तो दोन्ही हातांवर धरून नेला आणि कारखान्यात लावला. अकराही शिवणयंत्रं तोगाशींच्या कंपनीची, त्यामुळे त्याला ते घरातल्या वडीलधाऱ्याने लिहिल्यासारखं वाटलं. रोज सकाळी आधी टोपी काढून वाचायचा, मग तेलाची बुधली उचलायचा. तू हसायचीस. तेव्हा हसण्यासारखंच होतं.

मग तो उन्हाळा आला. ताकामात्सुच्या डॉक्टरांनी सांगितलं, महिन्याभरात पोट उघडायला हवं. आणि थंडीचे हातमोजे नेमके उन्हाळ्यात शिवायचे असतात. तू म्हणायचीस, "आज चल." तो म्हणायचा, "उद्या." माणसं ऐन घामात लोकर शिवत होती आणि त्याचं पोट आतून वाळत होतं. फेब्रुवारीत तो गेला.

तू म्हणतेस त्याने बायकोपेक्षा यंत्र निवडलं. त्याच्या बाजूने चार शब्द लिहावेत म्हणून मी बसलो होतो, पण कागदावर दोन थेंब शाई सांडण्यापलीकडे काही घडलं नाही. त्याच्या स्मृतिफळीवर सर्वांत वर 'अ' हे बीजाक्षर मी काढलं आहे. चार वर्षं शिकलेल्या संस्कृतचा गावाला झालेला उपयोग तेवढाच, आणि तो तरी मी नीट केला.

अंत्ययात्रेच्या आधी तू तो कागद भिंतीवरून ओढून काढलास आणि त्याच्या शवपेटीत टाकलास. "घेऊन जा तुझ्या तोगाशीला. तिकडे बसा दोघं तेल घालत." सगळ्यांनी माना खाली घातल्या. मीही घातली. त्या क्षणी मला काय वाटलं ते पुढे कधीतरी लिहीन.

शिक्क्याचं बघतो.

दादा


हिकेता, १६ जुलै

सुमी,

तुझं उत्तर नाही, तरी लिहितो. देवळात बसून एकतर्फी बोलायची मला सवय आहे.

गेल्या आठवड्यात ताकामात्सुच्या मोठ्या ग्रंथालयात गेलो होतो. तोगाशी गेन्झोंचं तीन खंडांचं चरित्र काढून घेतलं. नऊशे पानं. तीन दिवस बसून वाचलं. एवढा नावाजलेला माणूस, आपल्या शाळेच्या शिवणवर्गात ज्याची तसबीर होती, तो नऊशे पानांत लक्षात राहील असं एकही वाक्य बोललेला नाही. 'मालाची तपासणी कडक असावी.' 'जेवणाची सुट्टी पंचेचाळीस मिनिटांची करावी.' शेवटच्या खंडात तर त्यांना तेलाच्या वासाने डोकं दुखायचं असंही आहे.

आणि आग लागलेली नाही. कान्जी सगळ्यांना ती गोष्ट सांगायचा, तुलाही शंभरदा सांगितली असेल: तोगाशींचा कारखाना जळाला, तिसऱ्या दिवशी सकाळी राखेतून एक यंत्र बाहेर काढलं, लोक म्हणाले आता बंदच करा, आणि तोगाशी म्हणाले, उद्या बंद करू, आज याला तेल घाला. ती आग चरित्रात नाही. एकदा पूर आल्याचा उल्लेख आहे, तोही घोट्यापर्यंत. चरित्रकाराचं राहून गेलं असेल.

घरी आलो तर तामाएने जवाचा थंड चहा पुढे केला.

"काय शोधायला गेला होतात?"

"एक वाक्य."

"मिळालं?"

"नाही."

"मिळणार नाही हे जाताना माहीत होतं?"

मी म्हटलं, भूक लागली आहे, आणि कोपऱ्यावर उदोनच्या शेवया खायला गेलो. सुमी, बायको आणि धाकटी बहीण यांना संस्कृत येत नाही ही माझ्यासारख्या माणसावर झालेली मोठी कृपा आहे. येत असतं तर मला कुठे लपायलाच जागा उरली नसती.

कागदावर अजून शिक्का मारलेला नाही. गादी वाळलेलीच आहे.

दादा


हिकेता, १५ ऑगस्ट

सुमी,

बोनचे दिवस आहेत. गेलेली माणसं घराघरांत परत आली आहेत, त्यांच्या वाहनाचे काकडीचे घोडे देव्हाऱ्यात उभे आहेत, आणि मी सकाळपासून चौदा घरी मंत्र म्हणून आलो. पंधरावं घर तुमचं. कुलूप आहे, तरी दारासमोर उभा राहून म्हटलं. मग इथे येऊन हे लिहायला बसलो. आज विनोद कमी सापडतील, सांभाळून घे.

तोगाशी गेन्झो ते वाक्य कधीच म्हणाले नाहीत. ते मी रचलं.

भूकंपाच्या साली, मार्च संपता संपता. सकाळची साडेसहाची वेळ, मी फाटकासमोरचा रस्ता झाडत होतो. कान्जी सायकलवरून उतरला. तुला तो माहीत आहे, महत्त्वाचं बोलायचं असलं की सायकलची घंटी उगाच दोनदा वाजवायचा. वाजवली.

"पंडित, बंद करतोय."

"काय बंद करतोयस?"

"कारखाना. साकाइचा चुलतभाऊ म्हणतो गोदामात जागा आहे. जाऊ दोघं."

"असं एकदम?"

"एकदम कसलं. वीस वर्षं सुमी हातमोज्यांची बोटं सुलटी करत बसलीय. शिवायचं उलटं, मग काठी घालून एकेक बोट बाहेर काढायचं. दिवसाला पाच हजार बोटं. रात्री झोपेतसुद्धा हात हलतो तिचा. तिला शहरात राहायचंय रे. बोलत नाही, पण पोस्टात गेली की ओसाकाचा नकाशा बघत उभी राहते."

हे तुला माहीत नाही. त्याने तुला सांगितलं नव्हतं, आधी सगळं पक्कं करून मग सांगणार होता. माझ्याकडेही तो विचारायला आला नव्हता, ठरवून सांगायला आला होता. बंद करायला निघालेला माणूस तो होता, सुमी. आणि तुझ्यासाठी निघाला होता. हे वाक्य हवं तर दोनदा वाच, बाकीच्या पत्राचं काय वाटेल ते कर.

आता माझं. आता तू राहतेस ते साकाइ म्हणजे ओसाकाला लागून, इथून तीन तास. आई गेल्यापासून तू दर रविवारी यायचीस. स्वयंपाकघरात तामाएबरोबर वाटाणे सोलत माझी यथेच्छ निंदा करायचीस: दादाचं प्रवचन लांबतं, दादाच्या गुडघ्याला काही झालेलं नाही, दादा मंत्रात मध्येच जांभई देतो. मी शेजारच्या खोलीत पुस्तक उघडून बसायचो आणि पान उलटायचो नाही. आठवड्यातला तेवढा एक तास मला माणसांत असल्यासारखं वाटायचं. तो जाणार होता. मी कान्जीला एवढंच म्हटलं, "घाई करू नकोस." तो म्हणाला, "पंडित, तू कधी घाई केलीयस?" आणि घंटी वाजवून गेला.

माझ्या नावाने सांगून तो थांबणार नाही असं मला वाटलं. तेवीस वर्षं या देवळात बोलत होतो, गावात कुणी माझ्या शब्दावर साधी चप्पल जागची हलवली नव्हती. फळ्यावर बुद्धवचन लावलं तर कुत्रंही थांबायचं नाही. तेच खाली एखाद्या सुमो पैलवानाचं नाव घातलं की लोक वहीत उतरवून घ्यायचे. त्या वसंतात तर जो तो कुणा मोठ्या माणसाच्या तोंडचा आधार शोधत होता. म्हणून दोन दिवसांनी मी ब्रश घेतला. वाक्य एका दमात आलं. नाव कुणाचं घालायचं याचा मात्र अर्धा तास विचार केला. यंत्रं तोगाशींची, म्हणून तोगाशी.

तो आला, फळ्यासमोर थांबला, टोपी काढली.

"हे तोगाशी म्हणाले?"

"हो."

"कधी?"

मोठ्या माणसांच्या वाक्यांना कुणी 'कधी' असं विचारत नाही. माझी तयारी नव्हती.

"कारखाना जळाला तेव्हा," मी म्हटलं. "तिसऱ्या दिवशी."

त्याचे डोळे भरले. माझे नाही भरले. मला, खरं सांगतो, एक चांगली ओळ साधल्याचं समाधान वाटलं. चुलतभावाला त्याने त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. पुढच्या रविवारी तू आलीस, वाटाणे सोललेस, माझ्या जांभईवर बोललीस. मी शेजारच्या खोलीत होतो.

क्योतोत तर्कशास्त्राच्या वर्गात शिकवलं होतं, विश्वासू माणसाचा शब्द हे ज्ञानाचं साधन आहे. विश्वासू कोण? ज्याने वस्तू जशी आहे तशी पाहिली आणि तशीच सांगितली, तो. या प्रश्नाच्या उत्तराला मला वर्गात सर्वांत जास्त गुण होते.

अजून एक आहे. इथवर आलो आहे तर तेही लिहितो, नाहीतर पुढच्या बोनपर्यंत राहील. त्या शेवटच्या सप्टेंबरात, तू तीनदा कपाळ टेकवून झाल्यावर, तो माझ्याकडे आला. इथेच पायरीवर बसला. चेहरा मेणासारखा झाला होता.

"डॉक्टर म्हणतात याच महिन्यात. सुमी रडते. माल निघायला अजून पाच आठवडे आहेत. पंडित, तोगाशी असते तर काय केलं असतं रे?"

त्याने मला दार उघडून दिलं होतं. मला एवढंच म्हणायचं होतं: कान्जी, ते मी लिहिलं होतं, मूर्खासारखं लिहिलं होतं, ऊठ, दवाखान्यात जा. अकरा शब्द. गावातल्या प्रत्येक मयतावर मी दोन तास बोलतो.

मी म्हटलं, "तोगाशी ब्याण्णव वर्षं जगले."

विनोद केला मी. तो हसलाही. टोपी घातली, घंटी दोनदा वाजवली आणि गेला. महत्त्वाचं बोलायचं असलं की वाजवायचा ती घंटी, आणि मी झाडू घेऊन आत वळलो.

पेटीत तू तो कागद टाकलास तेव्हा मला काय वाटलं हे लिहीन म्हटलं होतं. हलकं वाटलं. माझं अक्षर आता त्याच्याबरोबर जळणार, कुणी कधी विचारणार नाही, असं वाटलं. चार वर्षं तू त्याच्यावर रागावत राहिलीस आणि मी तुला रागावू दिलं, कारण तो राग त्याच्या पत्त्यावर जात होता तोवर माझ्या पत्त्यावर येत नव्हता.

शिक्का मारलेला कागद सोबत आहे. गादी कधीच वाळलेली नव्हती. नाव काढायचं की ठेवायचं हे तू ठरव. पण छिन्नी लावण्याआधी एवढं ध्यानात घे की त्याने भिंतीकडे बोट दाखवलं तेव्हा त्या भिंतीमागे मी उभा होतो.

दादा


हिकेता, ३ सप्टेंबर

सुमी,

तुझं उत्तर नाही. नसावंच.

पंधरवडा बदलला. या वेळी फळ्यावर असं लावलं आहे: 'उद्या बंद कर. आज यंत्राला तेल घाल. हे तोगाशी गेन्झो कधीही म्हणाले नाहीत. या देवळाचा पुजारी युकेई याने स्वतः रचून त्यांच्या नावावर खपवलं.' अक्षर जरा मोठं काढलं. ओकादा आजींना चष्मा लागतो म्हणून.

पहिल्याच सकाळी आजी आल्या. गाडी थांबवली, चष्मा लावला, दोनदा वाचलं.

"ओजुस्सान, हे तुमचं?"

"हो."

"तरीच."

"तरीच काय?"

"तेव्हाच वाटलं होतं, ह्यात विशेष असं काही नाही. पण म्हटलं तोगाशी म्हणतायत, तर असेल काहीतरी. सुनेला पाठवलं होतं मी ते लिहून. बाळंतपणात."

निवृत्त मुख्याध्यापक दुपारी धावत आले. त्यांनी म्हणे हे वाक्य लागोपाठ तीन वर्षं निरोपसमारंभात वापरलं, शेवटच्या वर्षी तर आगीसकट. "त्या मुलांना आता मी काय कळवू?" मी म्हटलं, माझं नाव कळवा. ते म्हणाले, "तुमचं नाव कळवून काय होणार!" बरोबर आहे. सात वर्षं भिंतींवर मिरवलेलं वाक्य, खाली माझं नाव येताच तासाभरात त्याची मासळीवाल्याच्या पाटीइतकीही पत राहिली नाही. देवळाच्या मंडळाच्या अध्यक्षांनी सुचवलं आहे की विषुवाला बाहेरगावची माणसं थडग्यांवर येतात, तोवर तरी कागद उतरवावा. मी उतरवलेला नाही. माझ्या नावाचं वाक्य लोकांनी थांबून वाचावं अशी माझी जन्माची इच्छा होती. ती पुरी झाली.

ओकादा आजी मात्र जाता जाता वळल्या.

"म्हणजे मालक इतकी वर्षं तुमचंच ऐकत होते," असं म्हणाल्या आणि गेल्या.

जेवणात तामाएने कान्जीला आवडायची तशी मासळी केली होती, एवढंच.

दादा


हिकेता, २४ सप्टेंबर

सुमी,

काल तू आलीस. मला भेटली नाहीस, म्हणून लिहितो. नाहीतर लिहिण्यासारखं काही नव्हतं, सगळं तुझ्या डोळ्यांसमोरच घडलं.

सकाळच्या पहिल्या बसने उतरलीस. मी मुख्य दालनात होतो, सरकत्या दाराला बोटभर फट होती. खोटं कशाला, मी ती मुद्दाम ठेवली होती. फाटकात फळ्यासमोर तू थांबलीस. कान्जी थांबला होता तितकाच वेळ. केस पांढरे झालेत तुझे. मग तू वर थडग्यांकडे गेलीस. हमादा छिन्नीची पिशवी घेऊन आधीच पोहोचले होते. मला बाहेर यायचं होतं. पण तू हाक मारलेली नव्हती, आणि न मागता पुढे होण्याची माझी सवय मला आता माहीत झाली आहे.

पुढचं हमादांनी सांगितलं. दुपारी ते पायरीवर येऊन बसले, चहा घेतला, कंबर चोळली. (आता खरंच दुखते आहे त्यांची.)

"मी छिन्नी काढली तर ताई म्हणाल्या, ठेवा ती. लाल रंग आणलाय का? म्हटलं, पिशवीत असतो थोडा. म्हणाल्या, समुद्राच्या वाऱ्याने पार उडालाय हो, नाव वाचता येत नाही. द्या, मी भरते."

"तिने भरला?"

"स्वतः. एकेक रेघ. आणि ओजुस्सान, एवढ्या उकाड्यात हातात हातमोजे! थंडीचे, लोकरीचे. अंगठ्याची शिवण बघितली मी, आपल्या ओकादा आजींची. कारखान्याच्या शेवटच्या मालातले असणार. म्हटलं, ताई, रंग लागेल त्यांना. म्हणाल्या, लागू दे."

मग त्यांनी नजर चहात घातली.

"मी विचारलं, ओजुस्सानना बोलावू का, मंत्र म्हणायला? म्हणाल्या, नको. सानुकीच्या देवळातले येतील. दरवर्षी तेच येतील. माझ्या वेळेलाही तेच. तुम्हाला हे सांगायला सांगितलंय. मी सांगणार नव्हतो."

मी म्हटलं, बरं केलंत सांगितलंत. सानुकीचे चांगले म्हणतात. मंत्रात जांभई देत नाहीत.

जाताना त्यांनी माझा शिक्क्याचा कागद परत दिला. शिक्का होता तसा, कोरा करकरीत. मागच्या बाजूला तुझं अक्षर. पेन्सिलीने लिहिलंयस, बसमध्ये लिहिलं असशील, रेघा हललेल्या आहेत.

"दादा, तुझ्या नावाने सांगितलं असतंस तरी तो थांबला असता. तो जन्मभर तुलाच पंडित म्हणायचा. आणि तुझ्या नावाने 'जा' म्हणाला असतास, तरी गेला असता."

हा कागद मी फळ्यावर लावणार नाही. दुसऱ्या कुणाला दाखवणारही नाही, तामाए सोडून. तिने वाचला आणि घडी करून माझ्या जपमाळेच्या पेटीत ठेवला.

दुपारनंतर सगळे गेल्यावर मी वर जाऊन आलो. त्याचं नाव दगडाच्या रंगाचं, त्याच्याशेजारी तुझं, लाल. खालच्या कडेला लोकरीचा एक धागा चिकटला होता. रंग अजून ओला होता. मी हात लावला नाही.

साकाइहून रविवारची पहिली बस पावणेअकराला इथे येते. तामाए घरी असते. वाटाण्यांचे दिवस नाहीत, पण सोलायला काहीतरी निघेल. ये, हवं ते बोल माझ्याबद्दल, सगळं खरं आहे. मी शेजारच्या खोलीत बसणार नाही.

दादा